कॅलिफोर्नियात घराच्या कामासाठी परवानाधारक कंत्राटदार नेमताना

कॅलिफोर्नियात घर घेऊन दोन-तीन वर्षे झाली की अनेक मराठी कुटुंबांत त्याच गोष्टी बोलल्या जाऊ लागतात. स्वयंपाकघर जुने झाले आहे, न्हाणीघराच्या फरशीखाली ओल जाणवते आहे, आणि आई-बाबा सहा महिन्यांसाठी येतात तेव्हा जिना चढावा लागू नये म्हणून खाली एक खोली व लहानसे न्हाणीघर हवे आहे. पुण्यात किंवा नाशिकला असे काम निघाले की ओळखीचा मिस्त्री येतो, तोच गवंडी, प्लंबर व सुतार गोळा करतो, आणि घरातील एखादी वडीलधारी व्यक्ती दिवसभर खुर्ची टाकून कामावर लक्ष ठेवते. येथे ही रीत चालत नाही, कारण येथे घरमालकाचे रक्षण ओळखीवर नव्हे तर परवाना, लेखी करार आणि पैसे देण्याचा क्रम या तीन गोष्टींवर अवलंबून असते. यांतील तिसऱ्या गोष्टीकडे नवीन माणसाचे सर्वांत कमी लक्ष असते आणि सर्वाधिक नुकसान तिथेच होते, म्हणून या लेखात तिच्यावर अधिक लिहिले आहे.

परवाना देणारी संस्था म्हणजे कॉन्ट्रॅक्टर्स स्टेट लायसन्स बोर्ड. ती १९२९ साली स्थापन झाली आणि तिचे मुख्यालय सॅक्रामेंटोला आहे. मजुरी व साहित्य मिळून १,००० डॉलर किंवा त्याहून अधिक रकमेचे कोणतेही काम घेणाऱ्यास या बोर्डाचा परवाना लागतो. १ जानेवारी २०२५ पूर्वी ही मर्यादा ५०० डॉलर होती. रक्कम १,००० डॉलरपेक्षा कमी असली तरी कामाला नगरपालिकेचे परमिट लागत असेल, किंवा काम करणारा मदतीला मजूर लावत असेल, तर सवलत मिळत नाही. मोठ्या कामाचे तुकडे पाडून प्रत्येक तुकडा मर्यादेच्या आत दाखवणे हेही कायद्याला मान्य नाही.

प्रथम काम कागदावर उतरवावे

कंत्राटदाराला बोलावण्यापूर्वी आपल्याला नेमके काय करून घ्यायचे आहे ते लिहून काढावे. हे काम कंटाळवाणे वाटते, परंतु पुढे येणाऱ्या प्रत्येक दरपत्रकाचा पाया हाच कागद असतो. “स्वयंपाकघर नवीन करणे” एवढ्या वर्णनावर तीन कंत्राटदार तीन वेगवेगळी कामे मनात धरून तीन आकडे देतील आणि त्यांची तुलना करणे अशक्य होईल. त्याऐवजी कोणती भिंत पाडायची, सिंक जागेवरच राहणार की हलणार, कपाटे किती फूट लांबीची, ओट्याला कोणता दगड, विजेचे पॉइंट किती, हे सर्व लिहावे.

आपल्या स्वयंपाकासाठी एक मुद्दा मी आवर्जून सांगतो. येथील पुष्कळ घरांत चुलीवर मायक्रोवेव्हच बसवलेला असतो आणि त्याचा पंखा धूर ओढून, जाळीतून गाळून पुन्हा खोलीतच सोडतो. रोजच्या फोडणीला तो पुरा पडत नाही, आणि वर्षभरात कपाटांच्या दारांवर तेलाचा चिकट थर चढतो. म्हणून चिमणीची हवा नळीवाटे छपरातून किंवा भिंतीतून थेट घराबाहेर गेली पाहिजे, हे वाक्य कामाच्या वर्णनातच लिहावे, कारण ओटा व कपाटे बसल्यानंतर ती नळी काढायची म्हणजे पुन्हा तोडफोड आली. तसेच सनीवेल किंवा पालो आल्टो येथील जुन्या आइशलर घरांत (म्हणजे आइशलर या बिल्डरने बांधलेल्या घरांत) घर उबदार ठेवणाऱ्या गरम पाण्याच्या नळ्या जमिनीच्या काँक्रीटमध्येच गाडलेल्या असतात. तेथे मोरीची जागा हलवायची असेल तर जमीन फोडण्यापूर्वी त्या नळ्या शोधून खुणा करून घेणे हाही कामाचाच भाग आहे.

परवान्याची नोंद कशी वाचावी

घराच्या साधारण सर्व प्रकारच्या कामांसाठी ‘बी’ वर्गाचा, म्हणजे जनरल बिल्डिंग कंत्राटदाराचा परवाना असतो. ज्या कामात सुतारकाम व सांगाडा सोडून किमान दोन वेगवेगळ्या व्यवसायांची कामे येतात, ते काम त्याने घ्यावे असा नियम आहे. अलीकडे ‘बी-२’ हा निवासी नूतनीकरणाचा वर्गही सुरू झाला आहे. तो अस्तित्वात असलेल्या लाकडी सांगाड्याच्या घरांपुरता आहे आणि त्या परवान्यावर भारवाही भिंतींना हात लावता येत नाही. स्वयंपाकघर व बैठकीची खोली एक करण्यासाठी मधली भिंत काढायची असेल आणि समोरच्याकडे फक्त बी-२ असेल, तर तो माणूस कितीही चांगला असला तरी त्या कामाचा नव्हे. एकाच व्यवसायाचे काम असेल तर त्या व्यवसायाचा ‘सी’ वर्ग पाहावा: विजेसाठी सी-१०, प्लंबिंगसाठी सी-३६, छपरासाठी सी-३९, फरशीसाठी सी-५४.

परवाना क्रमांक कंत्राटदाराच्या जाहिरातीवर व करारावर छापलेला असणे बंधनकारक आहे. तो क्रमांक बोर्डाच्या संकेतस्थळावर टाकला की त्या परवान्याची नोंद उघडते आणि ती शांतपणे शेवटपर्यंत वाचावी. परवाना चालू आहे की नाही हे अर्थातच आधी पाहायचे. त्यानंतर ज्या व्यक्तीच्या पात्रतेवर तो मिळाला आहे तिचे नाव पाहावे, कारण परवान्यासाठी त्या व्यक्तीला किमान चार वर्षांचा कुशल कामाचा अनुभव दाखवून परीक्षा द्यावी लागते आणि बोटांचे ठसे देऊन पार्श्वभूमीची तपासणी करून घ्यावी लागते. घरी आलेला माणूस तो नसेल तर त्याचा कंपनीशी काय संबंध आहे ते विचारावे. फिरत्या विक्रेत्यालाही बोर्डाकडे वेगळी नोंदणी करावी लागते. खिशातील परवानापत्र आणि सोबत छायाचित्र असलेले ओळखपत्र पाहायला मागणे येथे उद्धटपणाचे मानले जात नाही. दुसऱ्याचा क्रमांक वापरून कामे घेणारे लोक असतात, आणि ते नेमके या प्रश्नालाच अडखळतात.

नोंदीत पुढे बाँड, म्हणजे कंत्राटदाराकडून नुकसान झालेल्यांच्या भरपाईसाठी ठेवलेली हमीची रक्कम, दिसतो. १ जानेवारी २०२३ पासून प्रत्येक परवानाधारकाला २५,००० डॉलरचा बाँड ठेवावा लागतो. या आकड्याने निर्धास्त होऊ नये. हा बाँड म्हणजे आपले काम पूर्ण होण्याची हमी नव्हे, आणि त्या कंत्राटदाराविरुद्ध दावा करणारे सर्वजण, म्हणजे इतर घरमालक आणि पगार थकलेले कामगारसुद्धा, त्याच २५,००० डॉलरवर हक्क सांगतात. त्याखाली कामगारांच्या अपघात विम्याची नोंद असते. आपल्याकडे एकही कामगार नाही असे लिहून देऊन काहींनी या विम्यातून सूट घेतलेली असते. छपराचे, काँक्रीटचे आणि वातानुकूलनाचे काम करणाऱ्यांना ती सूट मिळत नाही. नोंदीत सूट लिहिलेली असताना कामावर चार माणसे दिसत असतील तर काम थांबवून खुलासा मागावा, कारण त्यांपैकी कोणी शिडीवरून पडला तर त्याच्या उपचाराचा खर्च आपल्या दारात येऊ शकतो. सर्वसाधारण दायित्व विमा मात्र बहुतेक परवानाधारकांना कायद्याने सक्तीचा नाही. तो आहे की नाही एवढे करारात सांगणे सक्तीचे आहे. म्हणून विम्याचे प्रमाणपत्र थेट विमा कंपनीकडून आपल्या नावे मागवावे.

परवाना नसलेल्याकडून काम स्वस्तात होते हे खरे आहे. आपल्या समाजातील मेळाव्यांत अशी नावे सद्भावनेने एकमेकांना दिली जातात, हेही मी पाहिले आहे. परंतु विना परवाना कंत्राट घेणे हा येथे फौजदारी गुन्हा आहे. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिस परिसरात पॅलिसेड्स व ईटन या नावांच्या मोठ्या आगी लागल्या, तशी आपत्ती जाहीर झालेल्या भागात तर त्याचे स्वरूप अधिक गंभीर होते. अशा माणसाला मोबदल्यासाठी न्यायालयात जाता येत नाही आणि घरमालकाला दिलेले पैसे परत मागण्याचा हक्क आहे. मात्र ज्याचा पत्ताही ठाऊक नाही त्याच्याकडून ते वसूल कसे करणार, हा प्रश्न उरतोच.

दरपत्रके व मागील कामे

किमान तीन लेखी दरपत्रके घ्यावीत, आणि तिघांनाही तोच कामाचा कागद द्यावा. दरपत्रकात ‘अलाउन्स’ हा शब्द दिसला की थांबावे. त्याचा अर्थ असा की नळ, फरशी किंवा दिवे यांच्यासाठी कंत्राटदाराने एक अंदाजी रक्कम धरली आहे आणि आपली निवड त्याहून महाग असेल तर फरक आपण द्यायचा आहे. ही रक्कम कमी धरली की एकूण आकडा आपोआप आकर्षक दिसतो. इतर दोघांपेक्षा फारच खाली असलेला आकडा बहुधा अशाच जागी खाली आलेला असतो.

अलीकडे पूर्ण केलेल्या दोन कामांच्या घरमालकांशी बोलावे, आणि जमल्यास दोन वर्षांपूर्वीच्या एका कामाच्याही, कारण फरशीच्या फटी व न्हाणीघरातील गळती पहिल्या महिन्यात दिसत नाहीत. “काम चांगले झाले का” असे विचारण्यापेक्षा “काही बिघडले तेव्हा ते परत आले का, आणि किती दिवसांनी” असे विचारल्यास खरे उत्तर मिळते.

करारनामा

घराच्या नूतनीकरणाचा करार लेखीच असावा लागतो. त्यात काम व साहित्य यांचे वर्णन, एकूण रक्कम, काम सुरू व पूर्ण होण्याच्या अंदाजे तारखा आणि डॉलरमध्ये लिहिलेले हप्त्यांचे वेळापत्रक असावे. साहित्याच्या बाबतीत “किंवा तत्सम” असे शब्द दिसले तर ते खोडून नेमका प्रकार, रंग व मापे लिहून घ्यावीत. करार कंत्राटदाराच्या कार्यालयात न होता आपल्या घरी झाला असेल, तर तीन कामकाजाच्या दिवसांत तो कारण न देता रद्द करता येतो. घरमालक ६५ वर्षांचा किंवा त्याहून मोठा असेल तर ही मुदत पाच दिवसांची आहे. रद्द करण्याचा छापील अर्ज करारासोबत मिळाला पाहिजे.

काम सुरू झाल्यावर बदल होतातच. भिंत उघडल्यावर आत सडलेले लाकूड सापडते, किंवा देवघरासाठी भिंतीत कोनाडा करून घ्यावा असे घरातल्यांना वाटते. असा प्रत्येक बदल, त्याची किंमत आणि त्यामुळे वाढणारे दिवस ‘चेंज ऑर्डर’ या कागदावर लिहून दोघांच्या सह्या झाल्यावरच त्या कामाला हात लागला पाहिजे. तोंडी “बघू या, शेवटी हिशेब करू” हे वाक्य ऐकायला गोड वाटते, पण शेवटच्या दिवशी त्यातूनच कटुता निर्माण होते.

पैसे कसे द्यावेत

आपल्याकडे सामानासाठी मिस्त्रीला मोठी आगाऊ रक्कम देण्याची सवय आहे. कॅलिफोर्नियात कंत्राटदाराला करार करताना घेता येणारी आगाऊ रक्कम एकूण रकमेच्या १० टक्के किंवा १,००० डॉलर, यांपैकी जी कमी असेल तेवढीच आहे. म्हणजे काम ८०,००० डॉलरचे असले तरी सहीच्या वेळी १,००० डॉलरच. बोर्डाकडे विशेष बाँड ठेवलेल्या मोजक्या कंत्राटदारांना यातून सूट आहे आणि तसे त्यांच्या नोंदीत लिहिलेले असते. त्यानंतरचा कोणताही हप्ता प्रत्यक्ष झालेल्या कामाच्या व आलेल्या साहित्याच्या किमतीपेक्षा जास्त असता कामा नये. “कपाटे खास बनवून घ्यायची आहेत, कारखान्याला आधीच १५,००० भरावे लागतात” असे कंत्राटदार म्हणाला, तर त्याची अडचण खरी असू शकते. अशा वेळी कपाटांची खरेदी करारातून वगळून आपण स्वतः कारखान्याकडून करावी आणि बसवण्याचे काम तेवढे करारात ठेवावे.

८०,००० डॉलरच्या स्वयंपाकघराचे वेळापत्रक साधारण असे आखता येईल: सहीच्या वेळी १,०००, पाडकाम होऊन राडारोडा उचलल्यावर ७,०००, भिंतींच्या आतील वीज व प्लंबिंगची नगरपालिकेची तपासणी पार पडल्यावर १८,०००, भिंती बंद होऊन रंगासाठी तयार झाल्यावर १०,०००, कपाटे बसल्यावर २०,०००, ओटा व फरशी झाल्यावर १४,०००, आणि अंतिम तपासणी व उरलीसुरली कामे झाल्यावर १०,०००. प्रत्येक हप्ता डोळ्यांनी पाहता येईल अशा टप्प्याला बांधलेला आहे. “दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी” अशा तारखेला बांधलेला हप्ता मान्य करू नये. रोख रक्कम देऊ नये, चेकच द्यावा.

घरावर चढणारा बोजा

सातबाऱ्याच्या इतर हक्कांत बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा चढतो, हे आपल्याला ठाऊक असते. येथे घराचे काम करणारा उपकंत्राटदार किंवा साहित्य पुरवणारा दुकानदार यांनाही, त्यांचे पैसे थकले तर, आपल्या घरावर असा बोजा चढवता येतो. त्याला मेकॅनिक्स लीन म्हणतात. आपण मुख्य कंत्राटदाराला शेवटचा पैसाही दिलेला असला तरी हा हक्क कायम राहतो, ही गोष्ट नवीन माणसाला पटत नाही. मलाही ती पटली नव्हती.

२०१९ साली आमच्या स्वयंपाकघराचे काम सुरू होऊन दोन आठवडे झाले असतील, तेव्हा कपाटे पुरवणाऱ्या दुकानाकडून नोंदणीकृत टपालाने एक कागद आला. त्यावर आमच्या घराचा पत्ता, दुकानाचे नाव, कपाटांची अंदाजे किंमत आणि खाली बारीक अक्षरांत घरमालकाला उद्देशून एक सूचना होती. तो औपचारिक कागद आहे, काळजी करू नका, असे कंत्राटदाराने सांगितले आणि मी तो बिलांच्या खणात ठेवला. मे महिन्यात काम संपले, पूर्ण पैसे दिले. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात काउंटीच्या दप्तरात आमच्या घरावर बोजा नोंदवल्याची सूचना आली. आम्ही दिलेले पैसे कंत्राटदाराने दुसऱ्या कुठल्या कामात वापरले होते आणि दुकानाला दिले नव्हते. शेवटी दुकानाशी बोलून आम्ही ती रक्कम हप्त्यांनी फेडली आणि बोजा उतरवला. कंत्राटदाराच्या बाँडवर, जो तेव्हा १५,००० डॉलरचाच होता, आमच्या आधीच इतरांचे दावे आले होते आणि आमच्या वाट्याला निम्म्याहून कमी आले.

तो पहिला कागद म्हणजे ‘प्रिलिमिनरी नोटीस’. काम किंवा पुरवठा सुरू केल्यापासून २० दिवसांत ती पाठवणे हे पुरवठादाराचे कर्तव्य आहे. ती आली म्हणजे कोणी आपल्यावर आरोप केला असे नाही. आपल्या घरासाठी माल देणाऱ्यांची यादी त्यातून आपल्याला फुकट मिळते, असे समजावे. प्रत्येक नोटीस एका फायलीत लावावी आणि पुढचा हप्ता देताना त्या प्रत्येकाने बोजा चढवण्याचा हक्क सोडल्याचा कागद कंत्राटदाराकडून मागावा. या कागदांचे चार नमुने कायद्यानेच ठरवून दिले आहेत: मधल्या हप्त्यासाठी सशर्त व बिनशर्त, आणि अंतिम हप्त्यासाठी सशर्त व बिनशर्त. चेक देताना सशर्त, म्हणजे पैसे प्रत्यक्ष मिळाले तरच लागू होणारा, घ्यावा, चेक वटल्यावर त्याच रकमेचा बिनशर्त घ्यावा. मोठा पुरवठादार असेल तर कंत्राटदार व पुरवठादार अशा दोघांच्या नावे एकच चेक काढण्याची सोय करारातच करून ठेवावी. दोघांनी सही केल्याशिवाय तो वटत नाही.

काम पूर्ण झाल्यावर बोजा नोंदवण्यासाठी साधारणपणे ९० दिवसांची मुदत असते. काम संपल्यापासून १५ दिवसांच्या आत आपण काउंटी रेकॉर्डरच्या कार्यालयात ‘नोटीस ऑफ कम्प्लीशन’ नोंदवली, तर ही मुदत मुख्य कंत्राटदारासाठी ६० दिवसांवर आणि उपकंत्राटदार व पुरवठादारांसाठी ३० दिवसांवर येते. हे फारच थोडे घरमालक करतात, म्हणून येथे मुद्दाम लिहिले.

परमिट आणि तपासणी

भिंत, वीज, प्लंबिंग किंवा सांगाडा यांना हात लागत असेल तर नगरपालिकेच्या इमारत विभागाचे परमिट लागते. नुसते रंगकाम किंवा जागच्या जागी कपाटे बदलणे यांना बहुधा लागत नाही, पण ते आपल्या शहराच्या विभागाला विचारूनच ठरवावे. टाउनहाऊस असेल तर तेथील घरमालकांच्या असोसिएशनची परवानगी वेगळी घ्यावी. परमिट कंत्राटदारानेच आपल्या परवान्यावर काढले पाहिजे. “तुमच्या नावाने काढू, स्वस्त पडते” असे कोणी म्हटले, तर त्या अर्जावर सही करताच आपण कायद्याच्या दृष्टीने स्वतःच बांधकाम करणारे ठरतो आणि कामाची व कामगारांची जबाबदारी आपल्याकडे येते. परमिटशिवाय केलेले काम पुढे घर विकताना खरेदीदाराला लेखी कळवावे लागते.

घर १९७८ पूर्वीचे असेल तर रंगात शिसे असण्याची शक्यता असते आणि असा रंग खरवडणाऱ्या कंपनीकडे त्यासाठीचे केंद्रीय प्रमाणपत्र असावे लागते. छताला खडबडीत गिलावा असेल तर तो खरवडण्यापूर्वी ॲस्बेस्टॉसची चाचणी करून घ्यावी, विशेषतः घरात लहान मुले किंवा दम्याचे रुग्ण असतील तर.

भिंती बंद होण्यापूर्वीची तपासणी सर्वांत महत्त्वाची. तपासनीस येईल त्या दिवशी घरी थांबावे आणि तो गेल्यावर उघड्या भिंतींची छायाचित्रे, शेजारी मोजपट्टी धरून, प्रत्येक कोपऱ्यातून काढून ठेवावीत. न्हाणीघरातील शॉवरच्या तळाची चाचणी निचरा बंद करून पाणी साठवून होते. पाण्याची पातळी पेन्सिलीने आखून ठेवली तर ती उतरली की नाही हे आपल्यालाही कळते.

तक्रार करण्याची वेळ आली तर

आधी ईमेल किंवा पत्राने, तारीख घालून, काय अपुरे आहे आणि ते कोणत्या दिवसापर्यंत दुरुस्त व्हावे ते कंत्राटदाराला कळवावे. उत्तर मिळाले नाही तर बोर्डाकडे तक्रार करावी. साधारणपणे चार वर्षांच्या आत केलेली तक्रार बोर्ड विचारात घेते, आणि परवाना धोक्यात येईल या जाणिवेनेच अनेक प्रकरणे मिटतात. रक्कम १२,५०० डॉलरपर्यंत असेल तर वकिलाशिवाय स्मॉल क्लेम्स न्यायालयात जाता येते. या सर्व ठिकाणी करार, चेंज ऑर्डर, चेकच्या प्रती आणि छायाचित्रे मागितली जातात, तोंडी बोलण्याला तेथे फारसे वजन नसते.

शेवटचा चेक देण्याच्या दिवशी कंत्राटदारासोबत खोलीखोलीतून फिरावे, प्रत्येक नळ सोडून व प्रत्येक बटण दाबून पाहावे, कपाटांचे सर्व खण उघडून पाहावेत, आणि चिमणी चालू करून बाहेरच्या बाजूला नळीच्या तोंडाशी हात धरून हवा येते आहे याची खात्री करावी. राहिलेली कामे यादी करून दोघांनी त्यावर सही करावी आणि ती पूर्ण होईपर्यंत शेवटचा हप्ता आपल्याकडेच ठेवावा. नगरपालिकेच्या अंतिम तपासणीची सही आणि प्रत्येक पुरवठादाराचा अंतिम हप्त्याचा हक्कसोडपत्राचा कागद हातात आला, की मग चेकवर सही करावी.